सतरा नंबर बंद करू नये

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी शांतपणे सांगितलं की, तुमच्या वर्गात बासष्ट विद्यार्थी नाहीत; एकच विद्यार्थी आहे आणि तो शर्ट बदलून बासष्ट वेळा आत येतो. आमचे विभागप्रमुख बजरंग मोहिते सर हसले. मीही हसलो. परीक्षक हसले नाहीत. ते गेल्यावर मोहिते सरांनी माझ्याकडे बघितलं, कारण वाघोलीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाचं प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल मी घेतो, आणि त्या बासष्ट जर्नलांच्या पानापानावर हिरव्या शाईत जी झोकदार सही आहे, ती माझी आहे.

दुसरा एखादा माणूस अशा वेळी मान खाली घालून बाहेर पडला असता. पण आम्ही खळदकर मूळचे सदाशिव पेठेतले. राहायला खराडीत आलो म्हणून स्वाभिमान काही तिकडे भाड्याने देऊन आलो नाही. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की कॉपी पकडणारी एक सिस्टिमच मी बनवतो. पोरांनी आपापले प्रोग्रॅम वेबसाइटवर चढवायचे, संगणक ते एकमेकांशी ताडून बघणार आणि कुणाचं कुणाशी किती टक्के जुळतं ते सांगणार. माणसाने एक ओळ वाचायची गरज नाही. हे शेवटचं वाक्य मी जरा जोर देऊन म्हणालो होतो, हे मला नंतर फार दिवस आठवत राहिलं.

मोहिते सरांनी मला तीन आठवडे दिले आणि एक छापील तक्ता दिला. तक्त्यात एकच रकाना होता, ‘मूळ दोषी’. सरांचं म्हणणं असं की बासष्ट जणांना शिक्षा केली तर बासष्ट पालक येतील. ज्याने पहिल्यांदा वाटलं त्या एकाला पकडा, त्याचं वर्ष रद्द करू, बाकीचे आपोआप सरळ होतील. तिसऱ्या शुक्रवारी दुपारी चारला ते नाव प्राचार्यांकडे गेलं पाहिजे. नाव गेलं नाही तर सगळ्यांचं टर्मवर्क अडकणार, म्हणजे कुणालाच परीक्षेला बसता येणार नाही, आणि खळदकर या विषयाला पुढच्या वर्षी असतील की नाही याचाही विचार करावा लागेल.

घरी ही बातमी मी अभिमानाने सांगितली. ललिता, म्हणजे आमची सौभाग्यवती, भाजी निवडत होती. तिने एवढंच विचारलं की तुम्ही स्वतः शेवटचा प्रोग्रॅम कधी लिहिला होतात. मी विषय बदलला. दुसऱ्या मजल्यावरची वल्लरी खराडीतल्याच एका कंपनीत आहे. तिने लिफ्टमध्ये मला सांगितलं, "काका, असली टूल्स नेटवर फ्री मिळतात हो, चिल करा." मी बेचाळीस वर्षांचा आहे. काका कुणाला म्हणावं याचा काही नियम सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावता येईल का, याची मी सेक्रेटरींकडे चौकशी केली.

फक्त समोरच्या फ्लॅटमधले रंगनाथ शिरसाट नीट ऐकून घेत. ते निवृत्त सब-रजिस्ट्रार. छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घेतलेल्या बापाचा हा मुलगा, त्यामुळे भूतखेत, नवस, मुहूर्त यांना त्यांच्या दारात प्रवेश नाही. आयुष्यभर लोकांची खरेदीखतं नोंदवली. दर रविवारी सकाळी ते माझ्याकडे चहाला येत आणि प्रगतीचा अहवाल मागत, आणि तो देताना मला उगाचच आपण खुर्चीच्या कडेवर बसलोय असं वाटे.

सिस्टिम बसवायला एक मशीन हवं होतं, तिथून गोष्ट वेड्यासारखी वागायला लागली. मशीन मागायचं म्हणजे आधी डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे सामानाची नोंदवही, बघायचं. रजिस्टरप्रमाणे आमच्या लॅबमध्ये तीस मशीन होती. मी मोजली, एकतीस भरली. परत मोजली, एकतीस. मी आमचे लॅब अटेंडंट सोनबा यांना बोलावलं. सोनबा मांजरीहून सायकलवर येतात आणि लॅब उघडल्यापासून तिथे आहेत. त्यांनी न मोजताच सांगितलं, "सतरा नंबर धरू नका सर. ते कागदावर न्हाई."

सतरा नंबर खिडकीच्या कोपऱ्यात होतं. जुनं, पिवळट पडलेलं, पण रोज पुसल्यासारखं स्वच्छ. २००४ साली ते निर्लेखित झालं होतं, म्हणजे सरकारी भाषेत ते मरून चार वर्षं झाली होती. तरी ते चालू होतं. मॉनिटरवर खडूसारख्या अक्षरात एक पाटी चिकटवलेली होती, ‘सतरा नंबर बंद करू नये’. समोरच्या खुर्चीवर कुणी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. वर्गात तीस मशीनवर बासष्ट पोरं दाटीवाटीने बसतात, काही उभी राहतात, पण ती खुर्ची रिकामी असते. मी सोनबांना कारण विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मोहिते सरांचा फोन आला आणि ते राहिलं.

सिस्टिम मी बनवली. कशी बनवली हे विचारू नये. ललिता अजून विचारत नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्या हुशारीची किंमत मीच मोजली. पोरं कॉपी करताना काय बदलतात? वरचं नाव, मधल्या टिपा आणि पडद्यावर उमटणारे संदेश. म्हणून माझी सिस्टिम तुलना करण्याआधी नावं, टिपा, संदेश असलं सगळं खरवडून काढी आणि नुसता प्रोग्रॅमचा सांगाडा ठेवी. शिवाय आधीच्या बॅचची कॉपीही पकडावी म्हणून लॅबच्या सगळ्या मशीनमधले जुने प्रोग्रॅम तिने आपण होऊन गोळा करावेत अशी सोय केली. ही सोय मला फार आवडली होती.

पहिल्यांदा चालवली तेव्हा मंगळवारची दुपार होती. पडद्यावर बासष्ट ठिपके आले, प्रत्येकाखाली रोल नंबर. मग ठिपक्यांमधून रेघा निघायला लागल्या. मला वाटलं होतं, जाळं दिसेल, याने त्याचं, त्याने हिचं. तसं काही झालं नाही. बासष्टच्या बासष्ट रेघा एकाच ठिकाणी गेल्या. मधोमध एक त्रेसष्टावा ठिपका उमटला होता, त्याच्याखाली नाव नव्हतं. फाइलची तारीख होती मार्च २००१. आमच्या वर्गातली पोरं तेव्हा सहावीत होती.

मी खिडकी बंद करून आलो. वारा काही येत नव्हता, पण बंद केली.

आता कुणीही म्हणेल, ती फाइल उघडून वाचायची की. मलाही ते सुचलं होतं. पण मीच जर वाचत बसलो तर सिस्टिम कशाला बनवली? हा तत्त्वाचा प्रश्न होता. तत्त्वासाठी माणूस किती लांबचा रस्ता घेतो हे पुण्यात वेगळं सांगायला नको. मी ठरवलं की एक संपूर्ण नवा प्रश्न द्यायचा, जो कुठल्याही पुस्तकात नाही, कुठल्याही बॅचला दिलेला नाही. तो मला बुधवारी सकाळी आंघोळीच्या वेळी सुचला. बसस्टॉपवर रांग आहे. माणसं येतात, मागे उभी राहतात. बस आली की जो आधी आला तो आधी चढतो. तर ही रांग चालवणारा प्रोग्रॅम लिहा. मी ओल्या अंगानेच कागदावर उतरवला. पोरांना आठवडा दिला.

पुढच्या बुधवारी बासष्ट उत्तरं आली. सिस्टिमने बासष्ट रेघा काढल्या आणि त्या सगळ्या परत त्याच बिननावाच्या ठिपक्याकडे गेल्या. सत्त्याण्णव टक्के. तारीख, मार्च २००१.

मी घाबरलो, हे मी लपवत नाही. मला आठवड्यापूर्वी आंघोळीत सुचलेल्या प्रश्नाचं उत्तर सात वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलं होतं. मी आमोद नावाच्या पहिल्या बाकावरच्या मुलाला बाहेर बोलावलं. पोरगा सरळ आहे, खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. मी विचारलं, हा प्रोग्रॅम कुठून आणलास? त्याने सहज सांगितलं, "ताईकडून, सर." कोण ताई? तो जरा गोंधळला. म्हणाला, ताई म्हणजे ताईच, सर. ताईकडे सगळं असतं. सीनियर्सनी सांगितलंय की सतरा नंबरच्या खुर्चीवर बसायचं नाही, शेजारच्या मशीनवरून नेटवर्कमधनं घ्यायचं, आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी आत येताना नमस्कार करायचा. त्याचे कान अजिबात लाल झाले नव्हते.

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. ललिताने कारण विचारलं तेव्हा बसच्या रांगेचा प्रश्न तिला सांगितला आणि म्हणालो, माझ्या डोक्यातलं कुणीतरी आधीच ओळखतंय. तिने पोळी उलटली आणि म्हणाली, "कुणी ओळखत नाही. हा प्रश्न तुम्ही आपल्या लग्नाच्या वर्षी काढून वर्गाला दिला होतात. तेव्हाही आंघोळीतच, आणि तेव्हाही बादली भरून वाहत होती. साखरपुड्याला सगळ्यांना वाचून दाखवला होतात." मी अर्धा तास आठवून बघितलं. ती बरोबर होती. म्हणजे बासष्ट पोरांनी दुसऱ्याची कॉपी केली होती, आणि मी माझी स्वतःची. भुताची भीती थोडी कमी झाली, पण जेवणाची इच्छा काही परत आली नाही.

आता उरला होता मूळ दोषी. मी रंगनाथरावांचं दार वाजवलं. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, आणि त्यांच्या कचेरीतल्या आवाजात विचारलं, "अहो, पण त्यात लिहिलंय काय?" मी टक्केवारी सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. म्हणाले, माझ्याकडे एकाच जमिनीची दोन-दोन खतं यायची. दोघंही छातीठोकपणे सांगायचे, आपलंच खरं. जो मोठ्याने बोलतो त्याचं खरं मानणारे साहेब मी पाहिलेत. मी दोन्ही कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो. मग ते म्हणाले, "खळदकर, तुमची सही आहे ना त्याच्यावर? मग आपण वाचलं असेलच."

ते उपरोधाने म्हणाले नव्हते, तोच त्रास होता.

दुसरा दिवस गुरुवार. पुण्यात गुरुवारी वीज नसते, त्यामुळे कॉलेजात तास होत नाहीत, नुसती हजेरी होते. मी लॅबचं दार उघडलं. सोनबांनी उन्हासाठी पडदे ओढून घेतले होते. आत अंधार, तीस मॉनिटर काळे, पंखे थांबलेले, आणि कोपऱ्यात सतरा नंबर चालू. निळा उजेड रिकाम्या खुर्चीवर पडला होता. गुरगुर असा बारीक आवाज येत होता, तो मशीनचा होता की माझ्या पोटाचा, सांगता येत नाही. वायरच्या मागे मागे गेल्यावर कळलं की मोहिते सरांच्या केबिनमधल्या पंख्यासाठी घेतलेला इन्व्हर्टर इकडे जोडलेला आहे. सर गेली कित्येक वर्षं गुरुवारी वहीने वारा घेत बसतात.

मी त्या खुर्चीवर बसलो. बसताना ‘जरा बसतो हं’ असं तोंडातून गेलं. कुणाला म्हणालो, माहीत नाही.

दहा फाइली होत्या, वर्षाची दहा प्रॅक्टिकलं. मी बसच्या रांगेची उघडली. पहिली ओळ म्हणजे टीप होती, रोमन अक्षरात मराठी. ‘अक्षता भालेराव, रोल नंबर १७. पुन्हा लिहिला, सरांनी सांगितल्याप्रमाणे.’ मी घाईघाईने पिशवीतून काल आलेल्या बासष्ट प्रोग्रॅमांचे छापील कागद काढले आणि उजेडात धरले. पोरांनी नाव बदललं होतं, रोल नंबर बदलला होता. पुढचं तसंच होतं. बासष्ट जणांनी मला लिहून दिलं होतं, ‘पुन्हा लिहिला, सरांनी सांगितल्याप्रमाणे’. याआधीच्या सहा बॅचनीही दिलं असणार. माझी सिस्टिम ते खरवडून टाकत होती आणि तिच्याआधी सहा वर्षं मी तेच काम हाताने करत होतो.

मी प्रोग्रॅम चालवला. माणसं रांगेत आली, बस आली, माणसं चढली. मग पडद्यावर एक ओळ आली. ‘सर, वाचलंत का? ह/न’.

मला ही ओळ ओळखीची वाटली, आणि का ओळखीची वाटली तेही समजलं. तोंडी परीक्षेत प्रत्येक पोरगं माझ्यासमोर प्रोग्रॅम चालवून दाखवतं. शेवटी ही ओळ येते, पोरगं चटकन ‘ह’ दाबतं आणि प्रोग्रॅम संपतो. मी तेव्हा हजेरीपटात डोकं घालून बसलेला असतो. ओळ दिसायची, पण ती पडद्यावर असायचीच अशी सवय झाली होती. सहा-सात वर्षं दरसाल साठ-पासष्ट पोरं माझ्या देखत, माझ्या वतीने, ‘हो, सरांनी वाचलंय’ असं सांगत आली होती.

मी ‘न’ दाबलं. ते बटण त्या प्रश्नाला कुणी कधी दाबलं असेल असं वाटत नाही.

पडदा कोरा झाला. मग वर एक ओळ आली. ‘मग बघू म्हणाला होतात. बघा. मी थांबते.’ आणि खाली कर्सरचा ठोकळा लुकलुकत राहिला.

तेव्हा मला ती आठवली. चेहरा नाही, लाल शाई आठवली. २००१ सालच्या फेब्रुवारीत दोन प्रोग्रॅम अगदी एकसारखे आले होते, एका मुलाचा आणि हिचा. मी दोघांना उभं केलं. मुलगा फडाफडा बोलला. ती म्हणाली, ‘सर, मी लिहिलाय, विचारा मला काहीही.’ मी विचारलं नाही. तिच्या जर्नलवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ‘कॉपी’ असं लिहिलं आणि म्हणालो, दहाही प्रॅक्टिकलं पुन्हा लिही, मग बघू. सबमिशनच्या शेवटच्या दिवशी मी रजेवर होतो. माझं लग्न होतं. परत आलो तोवर याद्या गेल्या होत्या. तिला टर्मवर्क मिळालं नाही, वर्ष गेलं, तिने कॉलेज सोडलं. मी त्या पोरीचं वाटोळं केलं होतं आणि मला तिचं नावसुद्धा आठवत नव्हतं. मोहिते सरांच्या रकान्यात आता तिचंच नाव जायचं होतं, मूळ दोषी म्हणून. एकदा कॉपी केली म्हणून शिक्षा झाली, आता कॉपी दिली म्हणून.

मागे कुणीतरी उभं होतं. सोनबा. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"बसलात व्हय शेवटी," ते म्हणाले. मी विचारलं, हे मशीन कुणाच्या हुकमाने चालू ठेवलंय? त्यांनी पाटीकडे बघितलं. "हुकूम कसला. पोरगी सांगून गेली, मामा बंद करू नका, सर बघणार हायत. म्हटलं, बघतील. म्हातारं मशीन हाय, बंद केलं तर परत उठंल का न्हाई." मग त्यांनी कीबोर्ड उचलला. खाली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यावर घरचा नंबर होता, तो खोडून दुसरा, तोही खोडून एक मोबाइलचा. दर दोन-तीन वर्षांनी ती येऊन बदलून जायची. सोनबा म्हणाले, "सर इचारतील तवा द्या, म्हनली हुती. तुमी इचारलंच न्हाई."

मी तिथूनच फोन लावला. तिकडून ‘हॅलो’ आलं, मागे ऑफिसची गडबड. मी माझं नाव सांगितलं.

"‘न’ दाबलंत वाटतं," अक्षता म्हणाली.

मी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणालो, चूक माझी होती, तुला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. तुझं नाव प्राचार्यांकडे जाईल ते हे प्रोग्रॅम लिहिणारी म्हणून. दोषीच्या रकान्यात मी माझं नाव लिहिणार आहे. ती म्हणाली, "ते तुमचं तुम्ही बघा, सर." आवाजात राग नव्हता. तिने पुढचं शिक्षण दुसरीकडून केलं होतं, ती खराडीतच एका कंपनीत होती, माझ्या सोसायटीपासून दोन सिग्नलवर. मग तिने विचारलं, "वाचलात का पण? त्यात एक चूक आहे. मुद्दाम ठेवली होती, जो वाचेल त्याला सापडावी म्हणून. सापडली?"

मी म्हणालो, नाही.

"मग वाचा. मी थांबते."

मी फोन कानाला धरून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. सोनबांनी खिडकीचा पडदा थोडा सरकवला. तिकडे कुणीतरी तिला मीटिंगला बोलावत होतं आणि ती जात नव्हती. पस्तीस ओळी, पन्नास ओळी. प्रोग्रॅम सुरेख होता, हे मला सांगायलाच हवं; मला असा लिहिता आला नसता. त्रेसष्टाव्या ओळीवर मी थांबलो. बस आल्यावर माणसं मोजायला सुरुवात होते ती एकपासून. या भाषेत मोजणी शून्यापासून असते. शून्यावर जो उभा आहे, त्याला कुणी हाकच मारत नाही. मागचे सगळे चढून जातात. बासष्ट पोरांनी ही चूक जशीच्या तशी उतरवून दिली होती, आणि एरवी मी तिच्याखाली हिरव्या शाईत सही केली असती.

"रांगेतला पहिला माणूस," मी म्हणालो. "सगळ्यांच्या आधी आलेला. त्याचा नंबरच येत नाही."

"हो, सर," अक्षता म्हणाली. मग म्हणाली, "आता सोनबामामांना सांगा, बंद केलं तरी चालेल."

मी सोनबांकडे बघितलं. त्यांनी आधी पाटी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि मग बटण दाबलं. गुरगुर थांबली. मग त्यांनी इन्व्हर्टरची वायर परत केबिनकडे जोडली. शेजारच्या केबिनमध्ये मोहिते सरांचा पंखा फिरायला लागला.